पाचवं पीस

"आंबेडकरी माणूस आणि कबुतरबाज? हे कसं काय जमतं बुवा?"

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारलाय. कुणी हसत विचारतं, कुणी तोंडावर थुंकावं तसं. एका शिबिरात एकानं थेट पंचशीलच काढलं. म्हणला, पाखरं डांबून ठेवता, वर पैसे लावता, आणि सकाळी वंदना म्हणता. मी गप्प बसलो. पैशाचं त्याचं म्हणणं खरं होतं. डांबण्याचं खरं नव्हतं. शर्यतीच्या होमर कबुतराला चारशे किलोमीटरवर नेऊन मोकळं सोडतात. तिथून त्याला कुठंही जायची मुभा असते. ते घरी येतं. का येतं, हे ज्यानं गच्चीवर उभं राहून वाट बघितलीय त्यालाच कळतं.

पण आज त्या वादात शिरायचं नाही. मला मार्च २०१६ मधल्या दोन दिवसांचं सांगायचंय. त्या दोन दिवसांत एका मादीला शर्यतीला पाठवायचं की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं. गोष्ट एवढीशी. पण त्यात माझा बाप आला, मंडळाची पोरं आली, आणि आपण ज्याला चळवळ म्हणतो तीही आली. म्हणून लिहितोय.

आमची खोली वरळीच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फूट. त्यात आम्ही सात माणसं. पाय पसरायचे तर गच्चीवर. बाप गिरणीत होता, आणि गच्चीवर त्याची ढाबळ. जुन्या खोक्यांच्या फळ्या, गंजकी जाळी, वर पत्रा. पहिली ढाबळ जानेवारी १९७४ च्या वरळी दंगलीत मोडली, असं आई सांगायची. त्या वेळी गच्च्यांवरून दगड येत-जात होते. भागवत जाधव गेला तो तेव्हाच. माणसं मरत होती तिथं कबुतरांचं कोण बघणार? बापानं वर्षभरानं पुन्हा फळ्या गोळा केल्या.

बापानं मला पाटीवर बाराखडी शिकवली नाही. ते काम शाळेनं केलं. त्यानं पीस मोजायला शिकवलं. पाखरू डाव्या हातात धरायचं, पाय बोटांच्या चिमटीत, छाती तळहातावर. उजव्या हातानं पंख पंख्यासारखा उघडायचा. पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात दहा लांब पिसं असतात. उडायचं काम ह्या दहांचं. मोजायला सुरुवात पंखाच्या मधून करायची आणि टोकाकडे जायचं. मधलं ते पहिलं, टोकाचं ते दहावं.

वर्षातून एकदा ही सगळी पिसं झडतात आणि नवी येतात. मुसलमान कबुतरबाज त्याला कुरीज म्हणतात. आम्ही नुसतं 'झडीला लागलं' म्हणतो. पण पाखरू एकदम बोडकं होत नाही. आधी पहिलं पीस पडतं, दोन्ही पंखांतलं जवळजवळ एकाच वेळी. त्याच्या जागी कळी फुटते. ती अर्धीअधिक वाढली की दुसरं पडतं. असं एकेक करत दहाव्यापर्यंत जायला पाच-सहा महिने लागतात. निसर्गाची व्यवस्था अशी, की पाखराला कधी घरी बसायला लागू नये. थोडं उडावं, दाणा शोधावा, जगावं. पण ती व्यवस्था जगण्यासाठी आहे. शर्यतीसाठी नाही. हे बापाचे शब्द नाहीत, माझे आहेत. बाप एवढंच म्हणायचा, "पोरा, पाखराला इचारून उडवत न्हाईत. त्याचा पंख बघून उडवत्यात."

नवी कळी म्हणजे रक्तानं भरलेली नळी. हात लावला तर गरम लागते. ती मोडली तर रक्ताची धार लागते. आणि कळी वाढत असताना पाखराची उपासमार झाली किंवा त्याला जीव तोडून उडावं लागलं, तर त्या पिसावर आडवी रेघ उमटते. तिथं पीस कच्चं राहतं. पुढं वाऱ्यात त्या रेघेवरच मोडतं. आणि मोडलेलं पीस पुढच्या झडीपर्यंत तसंच राहतं. म्हणजे एका दिवसाची चूक वर्षभर अंगावर.

मी ही चूक केलीय. १९९१ साली. बाप जाऊन पाच वर्षं झालेली, मी वीस वर्षांचा, अंगात मस्ती. एका नराचं आठवं पीस पडलेलं, नववं सैल. शेवटची तीन पिसं म्हणजे होडीची वल्ही. ती नसली की पाखरू हवा नुसती ढकलत राहतं. तरी मी त्याला भुसावळला पाठवलं. बाराव्या दिवशी तो गच्चीच्या कठड्यावर उतरला. उडत आला असेल, पण मला तो चालत आल्यासारखा वाटला. कळीच्या जागी काळं रक्त सुकलेलं. त्यानंतर तो शर्यतीला गेला नाही. दाणा खायचा आणि कोपऱ्यात बसायचा. माझ्याकडे बघायचा नाही. किंवा मीच त्याच्याकडे बघत नव्हतो.

आता २०१६ चं.

माझ्याकडे एक निळी मादी होती. पंखावर दोन काळे पट्टे असलेली. नाव निळीच. नाव ठेवायला वेगळी अक्कल लागली नाही, आपल्याला तो रंग आवडतोच. त्या हंगामात ती इगतपुरीहून आली, मनमाडहून दुसरी आली, भुसावळहून पहिली आली. शेवटची शर्यत अकोल्याची. हवेतून मोजलं तर साडेचारशे किलोमीटरच्या वर. रविवार २७ मार्चला पहाटे सोडणार, शुक्रवारी संध्याकाळी पाखरं करंडीत द्यायची. एका पाखरामागं हजार रुपये, साठेक पाखरं, पहिल्याला पस्तीस हजार. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पहिलं कोण हे घरी आधी कोण पोचलं त्यावर ठरत नाही. कुणाची ढाबळ कुलाब्याला, कुणाची मुलुंडला. म्हणून अंतर भागिले वेळ. मिनिटाला किती मीटर, त्यावर निकाल. पाखरू आलं की पायातली रबरी कडी काढून घड्याळात टाकायची. पाखरू येऊन छपरावर बसलं आणि आत शिरलं नाही, तर गेला हिशोब.

त्या साली बाबासाहेबांची १२५ वी जयंती. १४ एप्रिलला आमच्या मंडळानं ठरवलं होतं, की डीजेला फाटा द्यायचा आणि अभ्यासिका उघडायची. जवळच एका दुकानाचा पोटमाळा भाड्यानं मिळत होता. मालकाला तीस हजार डिपॉझिट पाहिजे होतं आणि मार्चअखेरपर्यंतच. नाहीतर तो दुसऱ्याला देणार. आमच्याकडे चार हजार जमलेले. चाळीतली पोरं-पोरी जिन्याखाली, रस्त्याच्या दिव्याखाली, रुग्णालयाच्या व्हरांड्यात अभ्यास करतात, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले निम्मे तसेच शिकलेत.

आणि मग कुणीतरी हिशोब केला. निळी अकोल्याहून पहिली आली तर डिपॉझिट निघतं आणि वर पंखे येतात. मीही त्या बैठकीत होतो. मीच म्हणालो, "आली तर पैसे अभ्यासिकेचे." टाळ्या पडल्या. त्या क्षणापासून निळी माझी राहिली नाही, समाजाची झाली.

पण निळी झडीला लागलेली होती.

तिची जोडी मी दिवाळीला लावलेली. मादी दुसऱ्यांदा अंड्यांवर बसली की साधारण त्याच सुमारास पहिलं पीस पडतं. ज्यांच्या मोठ्या ढाबळी असतात ते नर-मादी वेगवेगळ्या खणांत ठेवतात. वीण थांबते, झड लांबते. काहीजण लहान पाखरांची ढाबळ संध्याकाळपासून सकाळपर्यंत झाकून अंधार करतात. पाखराच्या अंगाला दिवस छोटा वाटतो आणि पिसं टिकतात. हे सगळं जागेचं आणि पैशाचं काम आहे. माझ्याकडे दोन खण. एकात नर-मादी, एकात पोरं. निळीची तिसरी वीण चालू होती, पाच दिवसांचं पिल्लू पोटाखाली. जानेवारीत पडलेल्या पहिल्या पिसापासून मोजलं, तर पहिली तीन नवी पुरी आलेली. चौथं अर्धं. गुरुवारी धुळवडीच्या दिवशी सकाळी बघितलं, तर पाचवं दोन्ही बाजूंनी पडलेलं.

म्हणजे पंखाच्या मध्यावर दीड पिसाची खिडक.

मी मदनपुऱ्याच्या चाचांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, अर्ध्या मुंबईनं त्यांच्याकडून पाखरं नेलेली. त्यांनी निळीचा पंख उघडला, उजेडात धरला, कळीवर हलकंसं बोट फिरवलं. म्हणाले, "पाँच तक लोग भेजते हैं. आगे की पाँचों सलामत हैं. बच्चा नीचे है, तो जान लगा के आएगी." मग थांबून म्हणाले, "जान लगा के आएगी, ये अच्छी बात भी है और बुरी भी."

हे नीट ऐका. पिल्लू पोटाखाली असलेली मादी सगळ्यांत जोरात घरी येते. ते सगळ्या शर्यतवाल्यांना ठाऊक आहे आणि ते त्याचा फायदा घेतात. पण त्याच विणीच्या सुमारास तिची पिसंही झडायला लागतात. ज्या कारणानं ती घराकडे ओढ घेते, तेच कारण तिचा पंख मोकळा करतं. तिला ते कळत नाही. ती कमी उडणार नाही. चौथ्या कळीतलं रक्त बाहेर आलं तरी ती थांबणार नाही. मागं राहणारं पाखरू वाचतं. ओढ असलेलं मरतं.

संध्याकाळी सेक्रेटरी गच्चीवर आला. अंगावर धुळवडीचा रंग नाही, कारण दिवसभर ड्युटी. पोरगा तेवीसचा. दिवसा कुरियरच्या कंपनीत, संध्याकाळी लॉ कॉलेज, रात्री मंडळ. पावतीपुस्तकं त्याच्याकडे, पोलिसांची परवानगी त्याच्याकडे, व्याख्यात्याला फोन त्याच्याकडे. महिन्याभरावर त्याची परीक्षा. बोलायला लागला की डोळे लाल दिसायचे. आम्हाला वाटायचं, काय तळमळ आहे!

मी त्याला पंख दाखवला. तो म्हणाला, "दादा, एका पिसानं काय होतंय? जानेवारीतपण एक पडलेलं होतं, तेव्हा आलीच की."

मी म्हणालो, "तेव्हा इगतपुरी होती. शंभर किलोमीटर. आता चौपटीच्या वर आहे. विदर्भातलं ऊन. सात-आठ तास पंखावर. दुपारी घाट उतरताना समोरून समुद्राचा वारा. कसाऱ्याला बहिरी ससाणे बसलेले असतात. पंखात खिडक असलेलं पाखरू ते लांबून ओळखतात."

तो म्हणाला, "एकच दिवस आहे दादा. एक दिवस ओढेल ती. समाजासाठी."

एक दिवस ओढेल. हे मी ऐकलेलं होतं. कुठं, ते लगेच आठवलं नाही. तो जिना उतरून गेल्यावर आठवलं.

१९७९ चा पावसाळा. मी आठ वर्षांचा. बाप रिंग खात्यात बदली कामगार. आमच्या माणसांना गिरण्यांच्या विणकाम खात्यात पूर्वी घेत नसत, हे तुम्हाला माहीत आहे. धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, आणि महाराच्या थुंकीनं धागा बाटायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. पगार जास्त तो विणकामात, आणि आम्ही रिंगमध्ये, कापसाच्या धुरळ्यात. त्यातही बदली म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर तुमचा नंबर. सलग दिवस भरले तर कधीतरी कायम होण्याची आशा. खाडा झाला की नाव मागं.

बापाच्या छातीत पाणी झालेलं. डॉक्टरनं तीन आठवडे झोपायला सांगितलं. नवव्या दिवशी जॉबरचा माणूस दारात आला. तिसऱ्या पाळीला माणूस कमी आहे, आज आलास तर नाव वर राहील. आई नको म्हणाली. तो म्हणाला, "एक दिवस ओढेल की, वहिनी." बाप उठला. भिंतीला धरून सदरा घातला.

एक दिवस नव्हता तो. त्यानंतर रोजच. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाप कायम झालेला नव्हताच. संपात त्याचं जे गेलं, ते कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं. १९८६ ला तो गेला. शेवटपर्यंत जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचा. गच्चीवर पोचला की दहा मिनिटं काही न बोलता बसायचा. मग हात पुढं करायचा, आणि मी त्याच्या हातात पाखरू द्यायचो. तो पीस मोजायचा.

ज्या माणसानं पीस मोजल्याशिवाय एक पाखरू कधी सोडलं नाही, त्याचं पीस कुणी मोजलं नाही. त्यानं स्वतःही मोजलं नाही. मोजून काय करणार होता? घरात सात तोंडं. त्याच्याही पोटाखाली पिल्लं होती. जॉबरला ते ठाऊक होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बाबासाहेबांचं मजूरमंत्री म्हणून केलेलं काम आठवत पडलो. आपण संविधान सांगतो, महाड सांगतो, धर्मांतर सांगतो. हे फारसं सांगत नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेचं बिल आलं, तेव्हा ते त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं यात साऱ्या समाजाचं हित आहे, अशी त्यांची मांडणी. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं त्यांच्याकडे होतं. १९४५ च्या दुरुस्तीनं कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीनं आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. म्हणजे विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही, शरीराचा हक्क आहे, हे त्या माणसानं कायद्यात लिहून घेतलं. पण पगारी रजेला अट होती सलग बारा महिन्यांच्या नोकरीची. माझा बाप अशा रजेच्या बाहेरच राहिला. बदली कामगार म्हणजे सलग नसलेला माणूस.

आणि आपल्या मंडळांत? तिथं तर रजेचा कायदाच नाही. तिथं सगळेच बदली.

शुक्रवारी पहाटे मी गच्चीवर गेलो. मनात खरं सांगायचं तर पाठवायचंच होतं. चाचांनी पाचपर्यंत चालतं म्हटलेलं. पैसा लागणार होता. पोटमाळा जाणार होता. मी निळीला हातात घेण्याआधी ढाबळीच्या फरशीवर बघितलं. पीस पडलेलं. लांब, राखी-निळं. डावा पंख उघडला. सहावं गेलेलं. उजव्या पंखात सहावं जागेवर, पण हलवलं तर हलत होतं.

आता डावीकडे अडीच पिसाची खिडक, उजवीकडे दीड. दोन्ही पंख सारखे नाहीत म्हणजे पाखराला सबंध वाट एका बाजूनं जोर लावत यावं लागणार.

मी ते पीस खिशात घातलं. निळीला पिल्लावर ठेवलं. खाली जाऊन सेक्रेटरीला म्हणालो, "निळी जाणार नाही."

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तुम्हाला पाखराची दया येते. जिन्याखाली बसलेल्या पोरींची येत नाही."

हे त्याचं बोलणं मला लागलं. आजही लागतं. कारण ते खोटं नव्हतं. एका बाजूला एक पाखरू, दुसऱ्या बाजूला चाळीस पोरं-पोरी. कबुतराला दाणे टाकून पुण्य मिळवणारी आणि माणसाला सावलीत उभी न करणारी माणसं आपण बघितलीत. मी त्यांच्यातला झालो का, असं मला क्षणभर वाटलं.

मी म्हणालो, "दया नाही. पाखरावर आपण पैसे लावतोय ते ती उडेल म्हणून. ती उडू शकत नाही, हे मला हातात कळलंय. कळूनही पाठवली तर तो जुगारसुद्धा नाही. ती फसवणूक आहे. तिची, आणि त्या पोरींचीही."

मग मी त्याला विचारलं, "तू शेवटचा कधी झोपलास?"

तो चिडला. म्हणाला, "विषय बदलू नका." मी म्हणालो, "विषय बदलत नाहीये. हाच विषय आहे. तुझी परीक्षा एका महिन्यावर. पुस्तक उघडलंस का? तू आजारी पडलास तर आम्ही तुझ्या घरी फळं घेऊन येऊ आणि पावतीपुस्तकं दुसऱ्याला देऊ. हेच करू. आजवर हेच केलंय. आपल्याकडे ज्याला ओढ असते त्यालाच पाठवतात. ज्याला नसते तो घरी सुरक्षित."

तो उठून गेला. जयंतीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

पुढं काय झालं ते सांगतो. गोड करून सांगत नाही.

त्या रविवारी ऊन भयंकर होतं. पहिलं पाखरू भायखळ्याच्या एकाचं आलं. त्याचा वेग निळीच्या भुसावळच्या वेगापेक्षा कमी होता. गच्चीवर पोरं मला ऐकवून म्हणाली, निळी असती तर पहिलीच होती. अंधार पडेपर्यंत निम्मी पाखरंसुद्धा घरी आली नव्हती. काही दुसऱ्या दिवशी आली, काही आलीच नाहीत. ह्यावरून मी बरोबर होतो, असं मी म्हणत नाही. निळी कदाचित आली असती. पण निर्णय शुक्रवारी सकाळी करायचा होता, आणि शुक्रवारी सकाळी माझ्यापुढं दोन पंख होते, रविवारचा निकाल नव्हता.

पोटमाळा गेला. मालकानं तो एका जिमवाल्याला दिला. १४ एप्रिलला आम्ही मिरवणूक काढली, भाषणं झाली, अभ्यासिका नाही. तो उन्हाळा पोरी जिन्याखालीच बसल्या. त्यांच्या समोरून वर जाताना मी मान खाली घालून जायचो. मग मंडळानं घराघरातून महिन्याला पन्नास रुपये गोळा करायला सुरुवात केली. हे आधीच करायला हवं होतं. पण पाखरू पैसे आणणार म्हटल्यावर कोण दारोदार फिरतो? ऑगस्टात एक खोली मिळाली. पोटमाळ्यापेक्षा लहान, पण मिळाली. पैसे चाळीचे होते. एका मादीच्या पंखावर आणलेले नव्हते.

सेक्रेटरीनं त्या वर्षी एक पेपर दिला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री ताप भरला. मी त्याच्या घरी गेलो, फळं न घेता. पावतीपुस्तकं घेऊन आलो. ती मी आणि अजून तिघांनी वाटून घेतली. त्यानं पुढच्या वेळी तो पेपर सोडवला. आज तो कोर्टात उभा राहतो. चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांत कुणाचं नाव सुटलं की लोक त्याच्याकडे जातात.

निळीला मी त्या पावसाळ्यात नीट सांभाळलं. पीस म्हणजे सगळा खुराकच. मसूर, मूग, चणे, मका, ज्वारी, आणि तेलासाठी करडई, थोडं जवस, मोहरी. आठवड्यातून दोनदा पसरट घमेल्यात पाणी, म्हणजे ती अंघोळ करते आणि कळीची साल सुटते. बसवून मात्र ठेवलं नाही. रोज सकाळी गच्चीभोवती दोन-चार फेऱ्या, तिला वाटेल तेवढ्या. ऑक्टोबरात दहावं पीस पुरं आलं. पंख उजेडात धरला, एका पिसावरही रेघ नाही. त्या हंगामात ती पुन्हा शर्यतीला गेली. अकोल्याहून पाचवी आली. पहिली नाही. पाचवी.

आता गच्ची जायची वेळ आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. उंच इमारती, लिफ्ट. माझा बाप त्या लिफ्टनं वर गेला असता तर मला आनंद झाला असता. तिथं ढाबळ बांधू देणार नाहीत, हे उघड आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माणसाला खोली आधी.

पण ढाबळीतला एक शब्द आमच्या मंडळात राहिलाय. बैठकीला कुणी चार वेळा आलं नाही, की पूर्वी आम्ही म्हणायचो, "थंड पडला." आता आधी कुणीतरी विचारतं, "त्याचं कितवं चाललंय?" म्हणजे नोकरी गेलीय का, घरात आजारपण आहे का, परीक्षा आहे का, रात्रपाळी आहे का. सेक्रेटरीनंच हे सुरू केलं. मग त्याचं काम दुसरे उचलतात आणि त्याला निरोप देतात, की गच्चीभोवती फेऱ्या मार, लांब जाऊ नकोस.

मात्र ह्या शब्दामागं लपणारेही भेटलेत. वर्षानुवर्षं "माझं पाचवं चाललंय" म्हणणारे. त्यांना मी एवढंच सांगतो, की मी पीस मोजणाऱ्याचा पोरगा आहे. झड पाच-सहा महिन्यांत संपते. त्या काळात तुम्हाला दाणा देणं आमचं काम. दहावं पीस आलं, की मग तुम्ही करंडीत दिसले पाहिजेत.

जयभीम.